द्रुताकडून विलंबिताकडे : 'मेटॅलिका'च्या काळ्या अल्बमचे पुनर्श्रवण

सन १९९१ चा नाताळ सरला होता. आम्ही त्या वेळी सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो. सुटीहून परतताना एका सहाध्यायाने आपल्या सामानात एक ध्वनिफीत आणली. तिचे वेष्टन संपूर्ण काळे होते. उजेडात धरून निरखले तरच एका कोपऱ्यात संघाचे नाव आणि दुसऱ्या कोपऱ्यात वेटोळे घातलेला साप अंधुक दिसे. अल्बमला वेगळे शीर्षक नव्हते. संघाचे नाव तेच अल्बमचे नाव : 'मेटॅलिका'. पुढे रसिकांनी त्याला 'काळा अल्बम' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले.

रविवारच्या करमणुकीच्या तासाला आम्ही चौघांनी ती फीत ऐकली आणि तासाभरात निकाल देऊन मोकळे झालो : 'यांनी कला विकली.' याच संघाचा १९८८ चा अल्बम आम्ही घरी मोठ्या बंधूंच्या संग्रहात ऐकला होता. त्यातील वेग, गुंतागुंत आणि मध्येच बदलणारे ताल यांचे आम्हाला अप्रूप वाटे. सकाळी ग्रेगोरियन गायनाचे आणि बहुस्वरी रचनांचे धडे गिरवणाऱ्या विद्यार्थ्याला अवघड ते श्रेष्ठ असे वाटणे स्वाभाविक होते. नवी गाणी सोपी होती, संथ होती, पहिल्याच श्रवणात ओठांवर येत होती. एवढा पुरावा आम्हाला पुरेसा वाटला. हे मत आम्ही पुढे पंचवीस वर्षे बाळगले. आता ते मागे घेत आहोत, आणि ज्या कारणाने घेत आहोत ते वाचकांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाची आई कर्करोगाने वारली. आजार लवकर लक्षात आला होता. परंतु काही हितचिंतकांनी 'औषध म्हणजे अविश्वास' असे तिच्या मनावर बिंबवले आणि ती माउली महिनोन्‌महिने रुग्णालयाऐवजी एका प्रार्थनामेळाव्यातून दुसऱ्या मेळाव्यात जात राहिली. ती रुग्णालयात पोहोचली तेव्हा फार उशीर झाला होता. अंत्यविधीनंतर मुलाने चर्चची पायरी चढणे सोडले. आम्ही घरी गेलो तेव्हा तो आदराने बोलला, चहा दिला आणि मग म्हणाला, "फादर, तुम्ही काही सांगण्याआधी एक गाणे पुरते ऐका. मग बोलू." त्याने आमच्या कानांत लावलेले गाणे त्याच काळ्या अल्बमातील होते. त्याचे नाव 'द गॉड दॅट फेल्ड', म्हणजे 'अपयशी ठरलेला देव'. सेमिनरीतील त्या दुपारी ते आम्ही ऐकले होते खरे, परंतु आमच्यापर्यंत ते पोहोचले नव्हते.

त्या दिवसानंतर आम्ही तो अल्बम पुन्हा, क्रमाने आणि सावकाश ऐकला. हे परीक्षण त्या श्रवणातून आलेले आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मेटॅलिका हा संघ १९८१ साली लॉस एंजेलिस येथे स्थापन झाला. जेम्स हेटफिल्ड हा गायक व गिटारवादक आणि लार्स उलरिक हा डेन्मार्कमध्ये जन्मलेला ड्रमवादक, हे त्याचे दोन आधारस्तंभ. मुख्य गिटारवादक कर्क हॅमेट पुढे त्यांना येऊन मिळाला. हार्ड रॉकच्या मुशीतून निघालेल्या परंतु तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान व कठोर अशा 'थ्रॅश मेटल' नावाच्या शैलीचे ते प्रवर्तक मानले जातात. 'किल एम ऑल' (१९८३), 'राइड द लाइटनिंग' (१९८४) व 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) या तीन अल्बमांनी त्यांची कीर्ती झाली. रेडिओचा फारसा आधार नसताना केवळ दौऱ्यांच्या आणि कर्णोपकर्णी प्रसाराच्या बळावर त्यांनी आपला श्रोतृवर्ग जमवला. हा वर्ग त्यांना आपले मानी आणि त्यांच्यावर आपला हक्कही सांगे. १९८४ साली त्यांनी 'फेड टू ब्लॅक' हे संथ गीत रचले, तेव्हाच काहींनी फितुरीचा आरोप केला होता. तो आरोप १९९१ मध्ये नव्याने जन्मला नाही.

१९८६ च्या २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना त्यांची बस उलटली आणि बासवादक क्लिफ बर्टन अवघ्या चोविसाव्या वर्षी दगावला. संघात संगीतशास्त्राची जाण असलेला, बाखच्या रचनांवर प्रेम करणारा असा तो वादक होता. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि १९८८ साली 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा चौथा अल्बम प्रसिद्ध झाला. त्याच्या ध्वनिमिश्रणात न्यूस्टेडची बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. संगीताचा तळच काढून घेतल्यासारखा तो कोरडा, टणक नाद आहे. गीते दीर्घ आहेत. शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे आहे. विषय सार्वजनिक आहेत : न्यायसंस्थेची विक्री, सत्तेची दडपशाही, युद्ध. त्यातील 'वन' हे गीत डाल्टन ट्रंबो यांच्या १९३९ च्या कादंबरीवरून सुचलेले असून हातपाय, दृष्टी, श्रवण आणि वाचा गमावलेल्या सैनिकाचे आत्मगत आहे. त्या अल्बमाची योग्यता आजही आम्ही कमी लेखत नाही.

मात्र रचनेचा डोलारा किती उंच न्यावा याला मर्यादा असते. दौऱ्यावर ते दीर्घ शीर्षकगीत वाजवताना समोरचे श्रोते कंटाळलेले दिसत, हे हॅमेटने नंतर स्वतःच सांगितले आहे. शैली आपल्याच गुंत्यात अडकली आहे, हे वादकांना श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर वाचता आले. पुढचा अल्बम वेगळा होणार, हे तिथेच ठरले असावे.

नव्या अल्बमासाठी त्यांनी बॉब रॉक या कॅनेडियन निर्मात्याला पाचारण केले. त्याने १९८९ मध्ये 'मॉटली क्रू' या लोकप्रिय संघाचा अल्बम केला होता आणि त्यातील भरदार नाद उलरिकला भावला होता. निष्ठावंत श्रोत्यांना ही निवडच खटकली. ऑक्टोबर १९९० ते जून १९९१ असे आठ-नऊ महिने लॉस एंजेलिसच्या उत्तर हॉलिवूड भागात ध्वनिमुद्रण चालले. खर्च सुमारे १० लक्ष डॉलर झाला. निर्माता आणि संघ यांच्यात इतके खटके उडाले की पुन्हा एकत्र काम करायचे नाही, असे दोन्ही पक्ष त्या वेळी म्हणत.

रॉकने नेमके काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी प्रत्येक वादक आपला भाग स्वतंत्रपणे मुद्रित करी आणि मागाहून ते भाग जोडले जात. रॉकने सर्वांना एका खोलीत, एकमेकांसमोर बसून वाजवायला लावले. बास गिटारला तिचे स्थान परत मिळाले. हेटफिल्ड तोवर गाणी जवळजवळ ओरडून म्हणत असे. रॉकने त्याला गायला लावले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या शब्दांना हटकले. 'एन्टर सँडमन' या गीताचा पहिला मसुदा पाळण्यात अकस्मात दगावणाऱ्या अर्भकाविषयी होता. 'याहून चांगले लिहिता येईल,' असे निर्मात्याने सुचवले तेव्हा हेटफिल्ड संतापला; पण त्याने पुन्हा लिहिले. ज्यांनी कुणाही संपादकाकडून आपला लेख परत घेतला आहे, त्यांना हा संताप आणि त्यानंतरचे पुनर्लेखन दोन्ही परिचयाचे असेल.

आता संगीताकडे वळू. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या वाचकाला हा बदल एका वाक्यात सांगता येईल : संघ द्रुत लयीतून विलंबित लयीत आला. द्रुत लयीत कौशल्य दिसते आणि काही उणिवा झाकल्याही जातात. विलंबितात दोन मात्रांमधली रिकामी जागा वाढते आणि त्या जागेत गायक उघडा पडतो. स्वर खरा लागला की नाही, हे लपवण्यास तिथे आडोसा नसतो. तरुणपणी आम्हाला हे गणित उलटे कळले होते. वेग कमी झाला म्हणजे काम सोपे झाले, अशी आमची समजूत होती.

'एन्टर सँडमन' हे पहिलेच गीत घ्या. युरोपीय लोककथांत मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकून त्यांना झोपवणारा एक पाहुणा येतो. त्याचे नाव सँडमन. संपूर्ण गीत गिटारच्या एकाच स्वरवाक्यावर उभे आहे. हॅमेटला ते सुचले तेव्हा त्याचा पूर्वार्ध व उत्तरार्ध आळीपाळीने येत होते. पूर्वार्ध तीनदा म्हणून चौथ्या वेळी उत्तरार्ध घ्यावा, असे उलरिकने सुचवले. बदल एवढाच, परंतु त्यामुळे कान तीनदा वाट पाहतो आणि चौथ्यांदा त्याला सम सापडते. गीताची सुरुवात एकाकी, जवळजवळ कुजबुजणाऱ्या गिटारने होते. मग ड्रम, मग बास, मग सर्व वाद्ये, असे थर चढत जातात. अंधाऱ्या खोलीत पडलेल्या मुलाच्या मनात भीती जशी हळूहळू आकार घेते, तशी ही बांधणी आहे.

गीताच्या मध्यावर वाद्ये मागे सरतात आणि एक पुरुषी आवाज प्रार्थना सांगू लागतो. लहान मूल त्याच्यामागून ती म्हणते. इंग्रजी भाषक घरांत अठराव्या शतकापासून मुलांना शिकवली जाणारी ही निजण्यापूर्वीची प्रार्थना आहे. झोपेत आपला आत्मा प्रभूने सांभाळावा, आणि उठण्याआधी मरण आलेच तर त्याने तो आपल्याकडे घ्यावा, असा तिचा आशय. आपल्या घरांतही रात्रीच्या रोझरीनंतर मूल क्रूसाची खूण करून निजते. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेख असतो, हे आपण मोठी माणसे विसरतो. मूल विसरत नाही. काही पालकांनी या गीताला धर्माची थट्टा ठरवले आहे आणि आमच्याकडेही तशी तक्रार आली आहे. आमचे मत भिन्न आहे. थट्टा करणारा प्रार्थनेचे शब्द वाकडे करतो; येथे ते सरळ म्हटलेले आहेत. कवीने एवढेच दाखवले आहे की प्रार्थना म्हणूनही भीती उरते. ज्या घरात प्रार्थना हाच सर्व व्याधींवरचा एकमेव उपाय होता त्या घरात वाढलेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे पुढे ध्यानात येईल.

'सॅड बट ट्रू' या गीतात गिटारांचे स्वर नेहमीच्या पट्टीहून एक पूर्ण स्वर खाली उतरवले आहेत आणि लय इतकी जड आहे की प्रत्येक आघात जमिनीत रुतल्यासारखा वाटतो. 'द अनफरगिव्हन' मध्ये संघाने आपलाच जुना साचा उलटा केला. यापूर्वीच्या त्यांच्या संथ गीतांत कडवी हळुवार आणि पुढे येणारा भाग प्रचंड असे. येथे कडवी कठोर आहेत आणि ध्रुवपद हळवे. जन्मापासून इतरांच्या नियमांनी चिरडला गेलेला एक माणूस वार्धक्यात आपला हिशेब मांडतो, हा त्याचा विषय. जगाचा दाब कडव्यांतील वाद्यांनी यावा आणि माणसाचा स्वतःचा आवाज ध्रुवपदात निःशस्त्र ऐकू यावा, ही योजना अर्थाला धरून आहे. २०२१ मध्ये या अल्बमाला ३० वर्षे झाल्यानिमित्त जगभरच्या ५३ कलावंतांनी व संघांनी त्यातील गीते आपापल्या ढंगाने गायली. त्यांत 'द अनफरगिव्हन' साठी मुंबईचे विशाल ददलानी आणि डिव्हाइन यांनीही आवाज दिला. साच्यापलीकडे काही असल्याखेरीज गीत इतके दूर प्रवास करीत नाही.

आता 'नथिंग एल्स मॅटर्स'. हेटफिल्ड दूरध्वनीवर आपल्या मैत्रिणीशी बोलत होता. एका हातात दूरध्वनी, म्हणून दुसऱ्या हाताने तो गिटारच्या मोकळ्या तारा छेडत राहिला. डाव्या हाताने तार न दाबता जे स्वर निघतात, त्यांतूनच गीताचा आरंभ झाला. ते त्याने स्वतःसाठी रचले होते. संघाला ऐकवण्याचाही त्याचा विचार नव्हता. अल्बममध्ये त्यातील गिटारचा एकल भागही हॅमेटऐवजी त्यानेच वाजवला आहे. मायकेल केमन या संगीतकाराने त्यासाठी वाद्यवृंदाची योजना केली. मुद्रणात तो वाद्यवृंद अगदी मागे, मंद ठेवला आहे. याच ओळखीतून पुढे एप्रिल १९९९ मध्ये बर्कली येथे सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर केमन यांच्या संचालनाखाली मेटॅलिकाचे दोन कार्यक्रम झाले. नवशिक्या विद्यार्थ्याच्या बोटांतून प्रथम निघणारे ते चार-पाच मोकळे स्वर आज जगभरचे गिटारशिक्षक शिकवतात. आमच्या गायकवृंदातील मुलेही सरावाआधी नकळत तेच छेडत बसतात. ३० ऑक्टोबर २०११ रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिकाचा भारतातील पहिला कार्यक्रम झाला तेव्हा त्यांतील दोघे रेल्वेने रात्रभर प्रवास करून तेथे गेले होते. परत आल्यावर त्यांनी आम्हाला प्रथम याच गीताविषयी सांगितले.

मग विक्रीच्या आरोपाचे काय? तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अल्बम १२ ऑगस्ट १९९१ रोजी प्रसिद्ध झाला, अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेला आणि चार आठवडे तेथे राहिला. एकट्या अमेरिकेत आजवर त्याच्या दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. मोठा श्रोतृवर्ग हवा होता, हे संघाने कधी लपवले नाही. परंतु पैसा मिळाला यावरून पैशासाठीच केले, हे सिद्ध होत नाही. ज्याला फक्त खप हवा असतो तो चालू चलनातील सूर उचलतो. मेटॅलिकाने असा सूर उचलला नाही. आपल्याच सामग्रीतील किती भाग काढून टाकला तरी गीत उभे राहते, हे तपासले. आणि जे काढले त्याच्या जागी हेटफिल्डचे स्वतःचे आयुष्य आले. आमच्या मते बदलाचे मूळ येथे आहे. समाजाचा न्याय मागणाऱ्या गीतांना खटल्यासारखी दीर्घ, कलमवार रचना शोभत होती. स्वतःचे दुःख सांगणाऱ्याला ती अडथळा ठरते. विषय आत वळला, म्हणून रचना आटोपशीर झाली.

आपल्या वाचकांना याचे एक जवळचे उदाहरण आहे. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने विधी सुटसुटीत व लोकांना समजतील असे व्हावेत, अशी दिशा दिली आणि कालांतराने लॅटिनची जागा मराठीने घेतली. लॅटिन बहुस्वरी मिस्सा गाणारे आमच्या वाडवडिलांच्या पिढीतील गायक हळहळले. त्यांची हळहळ खोटी नव्हती. पुढे आपण दोन्ही प्रकार पाहिले. काही मराठी मिस्सागीते अशी झाली की तीन स्वरांत प्रार्थना मावली. काही अशी झाली की तीन स्वरांपलीकडे जाण्याचे कष्टच कुणी घेतले नाहीत. दोन्ही सोपीच, परंतु एकात निवड आहे आणि दुसऱ्यात आळस. कोणत्याही कलेत साधेपणा समोर आला की हा फरक कानाने तपासावा लागतो.

ही तपासणी लावली तर काळा अल्बमही सर्वत्र उत्तीर्ण होत नाही. बारा गीतांपैकी उत्तरार्धातील दोन-तीन केवळ साच्यातून काढलेली आहेत. 'ऑफ वुल्फ अँड मॅन' किंवा 'थ्रू द नेव्हर' ऐकताना रचना आहे, गरज नाही, असे वाटते. यशया संदेष्ट्याच्या ६५ व्या अध्यायातील दांभिकांच्या उद्गारावरून इंग्रजीत रूढ झालेल्या म्हणीचे नाव घेतलेले 'होलियर दॅन दाउ' हे गीत ढोंगावर तुटून पडते, पण राग ओळखीच्या शब्दांपलीकडे जात नाही. सर्वांत मोठी उणीव 'डोन्ट ट्रेड ऑन मी' मध्ये आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील सापाचे चित्र असलेल्या ध्वजावरील हे घोषवाक्य. वेष्टनावरचा सापही तोच. १९९१ च्या आरंभी आखाती युद्ध चालू असताना हा अल्बम मुद्रित होत होता. ज्या संघाने तीन वर्षांपूर्वी 'वन' मधून युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देहाचा आक्रोश मांडला, त्याने त्याच वेळी ललकारीचे गीत गावे, ही घसरण आहे. येथे जुन्या अल्बमाची पृच्छक बुद्धी हरवल्याची खंत आम्हाला आजही वाटते. तरुणपणीच्या आमच्या निकालात एवढा भाग बरोबर होता.

आता त्या गीताकडे येऊ, ज्याच्यासाठी हे सारे लिहिले.

जेम्स हेटफिल्डचे आईवडील 'ख्रिश्चन सायन्स' या पंथाचे होते. मेरी बेकर एडी यांनी १८७९ साली बोस्टन येथे स्थापन केलेल्या या पंथाची शिकवण अशी की आजार हे अंतिम सत्य नसून प्रार्थनेच्या बळावर त्यातून मुक्त होता येते. त्यामुळे त्याचे अनुयायी बहुधा औषधोपचार टाळतात. शाळेत आरोग्यशिक्षणाचा तास सुरू झाला की लहानग्या जेम्सला वर्गाबाहेर थांबावे लागे. तो तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. सोळाव्या वर्षी, १९८० मध्ये, आई कर्करोगाने गेली. तिने उपचार घेतले नाहीत. मुलाने ते डोळ्यांदेखत पाहिले आणि अकरा वर्षे त्याविषयी एकही गीत लिहिले नाही. संघाची शैली वेगवान व सार्वजनिक असेपर्यंत या दुःखाला तेथे जागाच नव्हती, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होऊ नये.

गीताचा आरंभ बास गिटारने होतो. पूर्वीच्या अल्बममध्ये मुका झालेला तोच तळाचा आवाज येथे प्रथम बोलतो. लय मध्यम, पावले मोजून टाकल्यासारखी. हेटफिल्ड ओरडत नाही. शब्द संयमाने, दातांआड राग धरून येतात. विश्वास, वचन आणि विश्वासघात यांची भाषा त्यात आहे. ख्रिस्ताच्या दुःखसहनातील प्रतिमाच त्याने आरोपासाठी वापरल्या आहेत. जुन्या वेगात हे गीत रचले असते तर ते शिवीगाळ ठरले असते. संथ झाल्याने ती साक्ष झाली. शैलीतील बदल योग्य होता की नाही, याचा आमच्यापुरता निर्णायक पुरावा हाच.

धर्मगुरू म्हणून या गीताला उत्तर देण्याची आम्हाला घाई नाही. मात्र दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली अशी की वैद्यकाला नाकारणे ही कॅथोलिक श्रद्धा नव्हे. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो, औषधी वनस्पती देवानेच निर्माण केल्या असे शिकवतो आणि आजाऱ्याने प्रार्थनाही करावी व वैद्यालाही जागा द्यावी, असे बजावतो. आपल्या धर्मभगिनींनी चालवलेली रुग्णालये ही त्याच शिकवणीची साक्ष आहे. म्हणून आपल्यापैकी कुणी आजाऱ्याला 'औषध सोड, श्रद्धा ठेव' असे सांगत असेल तर तो ख्रिस्तसभेची शिकवण सांगत नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो. गीतातील 'अपयशी देव' हा बहुतेक वेळा माणसांनी देवाच्या नावाने दिलेल्या वचनाचा पुतळा असतो. तो कोसळला म्हणजे त्याखाली आधी एखादे मूल सापडते.

दुसरी गोष्ट रागाची. हेटफिल्डचे गीत तडजोडीशिवाय संपते, त्यात सांत्वन नाही, असा आक्षेप एका सहधर्मगुरूंनी आमच्यापाशी घेतला. आम्ही त्यांना आपल्याच दैनिक प्रार्थनेची आठवण दिली. दर शुक्रवारी रात्री निजण्यापूर्वी जगभरचे धर्मगुरू ८८ वे स्तोत्र म्हणतात. स्तोत्रसंहितेतील बहुतेक विलापगीते अखेरीस स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपते. पवित्र आत्म्याने ते बायबलमध्ये राहू दिले आहे आणि ख्रिस्तसभेने ते रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे. फरक इतकाच की स्तोत्रकर्ता आपला आरोप देवाच्या तोंडावर करतो. संवाद तोडत नाही. हेटफिल्डचा संवादही बहुधा पूर्ण तुटला नसावा. १९९६ च्या 'लोड' या अल्बममध्ये तो 'अन्टिल इट स्लीप्स' मधून पुन्हा कर्करोगाकडे आणि 'ममा सेड' मधून आईकडे वळतो. २०२३ च्या '७२ सीझन्स' चे नावच माणसाच्या पहिल्या अठरा वर्षांच्या ऋतूंवरून आले आहे. पन्नाशी-साठीतही तो त्याच घराच्या दारात उभा आहे.

त्या दिवशी गाणे संपल्यावर आम्ही आमच्या तरुण मित्राला काही समजावले नाही. दुसऱ्या भेटीत प्रार्थनापुस्तक नेले आणि ८८ वे स्तोत्र त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते दोनदा वाचले. "फादर, हे बायबलमध्ये आहे? आणि तुम्ही हे दर शुक्रवारी म्हणता?" असे त्याने विचारले. आम्ही हो म्हणालो. ते पान त्याने आपल्यापाशी ठेवून घेतले.

तो अजून मिस्साला येत नाही. कधीमधी सायंकाळी धर्मगुरुनिवासाच्या व्हरांड्यात गिटार घेऊन बसतो. त्या वेळी आम्ही आपले काम करतो, तो आपले वाजवतो. पूर्वी त्याची बोटे फार वेगाने पळत. अलीकडे तो संथ वाजवतो आणि प्रत्येक स्वर नीट लागेपर्यंत थांबतो. आमच्या पिढीतील ज्या पालकांना मुलांच्या खोलीतून येणारा हा आवाज केवळ गोंगाट वाटतो, त्यांना आमची विनंती आहे की एकदा दार लोटून आत जावे, शेजारी बसावे आणि गाणे पुरते ऐकावे. निकाल देण्याची घाई आम्ही एकदा केली होती आणि त्या निकालाखाली एक मातृशोक पंचवीस वर्षे आम्हाला ऐकू आला नाही.